नाताळ, बुडापेस्ट आणि चामड्याच्या बॅगांचं दुकान

छोटं गाव, बर्फ, नाताळची रोषणाई, एकमेकांचं तोंड पाहायला तयार नसलेले दोघं आणि शेवटच्या पानावर त्यांचं जमणं. दर डिसेंबरात इंग्रजीत अशा विनोदी प्रेमकादंबऱ्यांचं पीक येतं आणि मी त्या आवडीने वाचते. त्या हसवतात, मन हलकं करतात. पण बऱ्याच ठिकाणी त्यातलं वैर तोंडदेखलं असतं. तो तिच्या केकला नावं ठेवतो, ती त्याच्या ख्रिसमस ट्रीला. भांडण मिटलं काय नि न मिटलं काय, कुणाचं काही अडत नाही. ज्यांना हा प्रकार आवडतो पण भांडणात थोडा जीव हवा असतो, त्यांना मी दर वर्षी एकच नाव सांगते : १९४० सालचा 'द शॉप अराउंड द कॉर्नर'. कादंबरी नाही, कृष्णधवल इंग्रजी सिनेमा आहे. गाव छोटं नाही, बुडापेस्ट आहे. पण जवळजवळ सगळी गोष्ट एका दुकानात घडते, आणि दुकान म्हणजे गावच असतं हे दुकानात उभं राहिलेल्या कुणालाही पटेल.

आमचं साताऱ्यात बॅगा, पर्स, पाकिटं, सुटकेस यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी आणि नवरा बघतो. सिनेमातलं 'मातुशेक आणि कंपनी' हेही नेमकं असलंच दुकान. त्यामुळे मी हा सिनेमा गल्ल्यावर बसणाऱ्या बाईच्या नजरेने पाहते, आणि त्या नजरेला तो पुरून उरतो.

गोष्ट थोडक्यात अशी. आल्फ्रेड क्रालिक हा दुकानातला सगळ्यात जुना, शेठच्या मर्जीतला सेल्समन. क्लारा नोवाक ही नवी लागलेली. पहिल्या दिवसापासून दोघांचं पटत नाही. तो तिच्या ठिपक्यांच्या ब्लाउजवर बोलतो, ती त्याला फाडून खाते. आणि त्याच वेळी दोघंही पेपरातल्या जाहिरातीतून जुळलेल्या एका अनोळखी माणसाला पत्रं लिहीत असतात. नाव नाही, गाव नाही, फक्त 'प्रिय मित्र' आणि पोस्टातल्या २३७ नंबरच्या पेटीचा पत्ता. पत्रांमधून साहित्य, कला, जीवन असल्या मोठमोठ्या गोष्टी चालतात. आपण प्रेमात पडलोय ती व्यक्ती रोज शेजारच्या काउंटरवर उभी राहून आपल्याशी भांडते, याचा दोघांनाही पत्ता नसतो. प्रेक्षकाला मात्र तो लवकरच लागतो आणि मग सगळी गंमत त्यातच आहे.

पहिलाच प्रसंग पाहा. सकाळ आहे, दुकान बंद आहे, किल्ली शेठकडे, आणि सगळी नोकरमंडळी फुटपाथवर उभी. आदल्या रात्री क्रालिकला शेठच्या घरी जेवायला बोलावलं होतं. बाकीच्यांना त्याचं अप्रूप आहे, थोडी असूयाही आहे, आणि तिथे हादडलेल्या हंसाच्या कलेजीने त्याचं पोट बिघडलंय म्हणून सामान पोचवणाऱ्या पेपीला सोडा आणायला पिटाळलंय. कोण शेठच्या किती जवळ, कुणाला आज बोलणी बसणार, कोण नुसतं हो ला हो करतंय, हे सगळं दाराचं कुलूप निघायच्या आधी आपल्याला कळून चुकतं. कुणी कुणाची ओळख करून देत नाही. आमच्या रस्त्यावर सकाळी दहाच्या सुमाराला प्रत्येक मोठ्या दुकानासमोर हाच घोळका उभा असतो आणि बोलणंही हेच चाललेलं असतं.

मला सगळ्यात आवडतो तो सिगारेटच्या डब्याचा प्रसंग. शेठ मातुशेक यांच्या मनात भरलाय एक वाजणारा डबा. झाकण उघडलं की 'ओची चोर्निया' ही रशियन धून वाजते. ते क्रालिकचं मत विचारतात. क्रालिक खरं सांगतो : हे खरं चामडं नाही, आणि दर सिगारेटीला तीच धून ऐकून माणूस वेडा होईल. अगदी बरोबर बोलतो तो. रेक्झिनच्या मालाचं काय होतं हे आम्ही रोज बघतो. कडा आधी फुगतात, मग पापुद्रे सुटतात, आणि गिऱ्हाईक पिशवीत घालून परत आणून काउंटरवर ठेवतं. शेठला हे ऐकायचंच नसतं. ते दुसऱ्या मताच्या शोधात पिरोविच नावाच्या दुसऱ्या सेल्समनला हाक मारतात. 'मला खरं काय ते सांग' असे शब्द शेठच्या तोंडून निघायचा अवकाश, की पिरोविच जिन्यावरून वर गायब! हा प्रकार सिनेमाभर पुन्हा पुन्हा होतो आणि मी दर वेळी हसते.

एवढ्यात क्लारा नोकरी मागायला येते. क्रालिक तिला गिऱ्हाईक समजून गोड बोलतो, नोकरीचं कळल्यावर जागा नाही म्हणून वाटेला लावू बघतो. ती हटत नाही. डब्यावरून शेठ आणि क्रालिक यांच्यात चाललेला वाद तिच्या कानावर पडलेला असतो. ती तो डबा उचलते आणि दुकानात फिरणाऱ्या एका जरा जाड बाईंकडे जाते. हा डबा चॉकलेटं-गोळ्या ठेवायचा आहे असं सांगते. मग, उघडला की गाणं का वाजतं? कारण आपण नकळत हात घालत राहतो आणि खात राहतो. धून वाजली की भान येतं, पुरे आता. बाई डबा घेऊन जातात. क्लाराला नोकरी लागते, आणि क्रालिकचं शेठसमोर नाक कापलं जातं.

हा प्रसंग मी आमच्याकडच्या नव्या मुलींना दाखवला आहे. मालाची खोड झाकायची नाही, ती खोडच गिऱ्हाइकाच्या कामाची करून दाखवायची, हे यापेक्षा चांगलं कुणी शिकवू शकणार नाही. पण सिनेमा इथेच थांबत नाही, आणि म्हणून तो मोठा आहे. पुढे तेच डबे दुकानाच्या खिडकीत सवलतीच्या पाटीखाली पडून राहिलेले दिसतात. क्लाराने एक विकला हे खरं, आणि माल टाकाऊ होता हे क्रालिकचं म्हणणंही खरं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. वैर असं असावं. एकजण मूर्ख आणि दुसरा शहाणा असेल तर ते वैर नसतं, नुसती शाळा असते.

आणि या वैराखाली भीती आहे. दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच हा १८९२ साली बर्लिनमध्ये जन्मलेला. वडिलांचा कपडे शिवून विकण्याचा धंदा होता आणि पोरवयात त्याने तिथे काम केलं होतं. मूळ नाटक मिक्लोश लास्लो या हंगेरियन लेखकाचं, १९३७ सालचं. त्या नाटकात अत्तरांचं दुकान आहे, सिनेमात ते चामड्याच्या वस्तूंचं झालं. पटकथा सॅमसन राफेलसन याची. हा तिशीच्या दशकातला काळ. नोकरी गेली तर दुसरी मिळेलच याची खात्री नाही, हे प्रत्येक पात्राच्या बोलण्यात आहे. क्लारा क्रालिकशी भांडते, पण तो वरचा आहे हे विसरत नाही. क्रालिक शेठशी वाद घालतो, पण जपून. पिरोविच जिन्यावरून पळतो त्याचं हसू येतं, पण घरी बायको आणि पोरं आहेत म्हणूनच तो पळतो. एकदा क्रालिक त्याला लग्नानंतरच्या खर्चाचं विचारतो. जेवणाची वेगळी खोली लागेल का, पाहुणे आले तर? पिरोविच म्हणतो, पाहुणे कसले, तू काय राजदूत आहेस? खरा मित्र असेल तो जेवण झाल्यावर येतो. पिरोविच झालेल्या फेलिक्स ब्रेसार्टने हे इतक्या साधेपणाने म्हटलंय की हसता हसता त्या माणसाच्या घरातली कडकी दिसते.

मग ती संध्याकाळ येते. पत्रातल्या मित्र-मैत्रिणीने पहिल्यांदा भेटायचं ठरवलंय. कॅफेत टेबलावर टॉलस्टॉयची 'ॲना कॅरेनिना', पानात खूण म्हणून लाल कार्नेशनचं फूल. क्लाराला लवकर सुटी हवी, क्रालिकलाही हवी, आणि नेमकी त्याच रात्री शेठला दुकानाची खिडकी नाताळसाठी सजवून हवी आहे. सीझनच्या तोंडावर रात्री थांबायला सांगितलं की नोकरांचे चेहरे कसे होतात ते मला माहीत आहे. इथे ते सगळे चेहरे आहेत. त्याच संध्याकाळी शेठ क्रालिकला कामावरून काढून टाकतात. आपली बायको दुकानातल्याच कुणाशी गुंतली आहे असा त्यांना संशय आहे आणि तो माणूस क्रालिक असावा असं त्यांना वाटतं. तो असतो दुसराच, वादास नावाचा गुळगुळीत बोलणारा सेल्समन.

नोकरी गेलेला क्रालिक भेटीला जायला कचरतो. पिरोविचला कॅफेच्या काचेतून आत बघायला लावतो. पिरोविच बघतो आणि सांगतो, मुलगी सुरेख आहे, साधारण आपल्या मिस नोवाकसारखी. क्रालिक वैतागतो. पिरोविच म्हणतो, तुला मिस नोवाक आवडत नसेल तर ही पण आवडणार नाही. कारण ती मिस नोवाकच आहे.

क्रालिक आत जातो, पण आपण कोण ते सांगत नाही. तिच्या टेबलाशी बसतो, तिला चिडवतो. आपला मित्र येईल तेव्हा हा भलताच माणूस इथे बसलेला दिसेल या भीतीने ती कासावीस होते आणि शेवटी त्याला नको ते बोलते. तुझ्यात खोल काही शोधायला गेलं तर हृदयाच्या जागी हँडबॅग सापडेल, आत्म्याच्या जागी सुटकेस आणि बुद्धीच्या जागी न पेटणारा लायटर. दुकानातलाच माल घेऊन केलेला अपमान आहे हा. त्याहून पुढे जाऊन ती त्याला किरकोळ कारकून म्हणते. नुकतीच नोकरी गेलेल्या माणसाला. क्रालिक झालेल्या जेम्स स्ट्युअर्टचा चेहरा इथे पाहा. एका वाक्यात तिला गप्प करता येईल असं गुपित त्याच्याकडे आहे. तो ते वापरत नाही, उठून जातो. माझं क्रालिकबद्दलचं मत इथे ठरतं आणि पुढे तो काहीही वागला तरी बदलत नाही.

पुढे तो वागतोही. इथून शेवटापर्यंत त्याला सगळं माहीत आहे आणि तिला काहीच नाही. असल्या गोष्टीत हा भाग फार नाजूक असतो. ज्याला जास्त माहीत आहे त्याने समोरच्याला खेळवलं की प्रेम संपतं. लुबिचने बराच काळ तोल सांभाळलाय. भेट फसल्यावर क्लारा आजारी पडते, क्रालिक तिला बघायला जातो, तेवढ्यात तिची मावशी पत्र घेऊन येते. पत्र त्यानेच लिहिलेलं. ते वाचताना तिच्या चेहऱ्यावर रंग भरत जातो आणि तो समोर बसून बघतो. आपल्याच शब्दांनी एक माणूस बरं होताना बघणं याहून मोठी शिक्षा आणि याहून मोठं बक्षीस दुसरं काय असेल?

शेवटाकडे मात्र तो तिला एक थाप मारतो : मी तुझ्या मित्राला भेटलो, त्याचं नाव पॉपकिन, लठ्ठ आहे, टक्कल आहे, आणि तुझ्या पगारात दोघांचं भागेल का याचीच त्याला जास्त काळजी आहे. इथे मी दर वेळी अस्वस्थ होते. प्रेक्षक हसतात, मलाही हसू येतं, पण त्या मुलीच्या जागी बसलं तर हे जरा जास्तच आहे. ज्या काळात पगार हाच जिवाभावाचा प्रश्न होता त्या काळात ही थाप फार खोल लागते. मार्गारेट सलव्हनने हे दुःख लपवत ताठ राहणारी क्लारा इतकी सुंदर उभी केली आहे की क्रालिकला थोडं आधी थांबता आलं असतं असं वाटत राहतं. शेवट कसा होतो ते लिहीत नाही. एवढंच सांगते की त्यात एका पॅंटचा संबंध आहे.

सलव्हन आणि स्ट्युअर्ट हॉलीवूडमध्ये येण्याआधीपासून नाटकांमुळे एकमेकांना ओळखत होते आणि त्यांनी चार सिनेमांत एकत्र काम केलं. त्या सहवासाचा फायदा दिसतो. दोघं भांडतात तेव्हा एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं आणि तरी एक शब्द हरवत नाही.

पोस्टातला एक छोटा प्रसंग आहे. कॅमेरा पेटीच्या आतल्या बाजूला आहे. २३७ नंबरचं दार उघडतं, हातमोजा घातलेला एक हात आत येतो, चाचपडतो, काही सापडत नाही. हात जातो, मग त्या चौकोनात क्लाराचा चेहरा दिसतो. बस, एवढंच. संवाद नाही. पत्राची वाट बघणं काय असतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे काही क्षण पुरेसे आहेत.

सिनेमात नाताळ सजावटीपुरता नाही, तो धंद्याचा सीझन म्हणून येतो. नाताळच्या आदल्या दिवशी दुकान गर्दीने फुलून जातं, माणसं धडाधड माल उचलतात, आणि रात्री हिशोब होतो तेव्हा १९२८ नंतरची सगळ्यात मोठी विक्री निघते. सगळ्यांना बोनस मिळतो. आपल्याकडे धनत्रयोदशीच्या रात्री गल्ला मोजून झाल्यावर पाय दुखत असतात आणि तरी कुणाला घरी जावंसं वाटत नाही, तसाच तो आनंद आहे. शेठ मातुशेकचं काम फ्रँक मॉर्गनने केलंय, 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधला जादूगार तोच. बायको दुरावलेली, मन मोडलेलं, आणि हा माणूस बर्फात दुकानाबाहेर उभा राहून एकेका नोकराला आज रात्री काय बेत म्हणून विचारतो. प्रत्येकाला घर आहे. शेवटी उरतो रूडी, नुकताच लागलेला सामान पोचवणारा पोरगा, शहरात एकटा. शेठ त्याला जेवायला घेऊन जातात आणि काय काय खायचं ते रंगवून सांगतात. भाजलेला हंस, बटाटे, काकडीची कोशिंबीर, आणि सफरचंदाचं श्ट्रूडल दुप्पट. नायक-नायिकेच्या प्रसंगापेक्षा मला इथे जास्त रडू येतं, हे मोकळेपणाने सांगते.

आता खटकणाऱ्या गोष्टी. मिसेस मातुशेक पडद्यावर एकदाही येत नाहीत. साऱ्या संशयाचं मूळ त्या, सारं बोलणं त्यांच्याबद्दल, आणि त्यांची बाजू ऐकायला एक मिनिट नाही. मला हे दर वेळी लागतं. वादासही फार एकसुरी आहे. पहिल्या दृश्यातच तो नालायक आहे हे कळतं आणि त्यापुढे काही कळत नाही. आणखी एक आधीच सांगायला हवं : मधे शेठ आत्महत्येचा प्रयत्न करतात, पेपी वेळेवर पोचतो म्हणून वाचतात. हलकंफुलकं काही बघायला म्हणून बसलेल्या माणसाला तो प्रसंग धक्का देईल. तो काढून टाकावा असं मला वाटत नाही, कारण त्यानंतरचं नाताळचं जेवण त्याच्यामुळेच एवढं मोलाचं होतं. पण लहान मुलं सोबत असतील तर माहीत असलेलं बरं.

हीच गोष्ट पुढे अनेकांनी वापरली. १९४९ साली जूडी गार्लंडला घेऊन संगीताच्या दुकानात, १९६३ साली ब्रॉडवेवर 'शी लव्हज मी' या संगीतिकेत पुन्हा अत्तरांच्या दुकानात, आणि १९९८ साली 'यू'व्ह गॉट मेल'मध्ये ईमेलवर. शेवटचा आपल्याकडे पुष्कळांनी टीव्हीवर पाहिलेला असतो. टॉम हँक्स आणि मेग रायन दोघं गोड आहेत, मलाही तो आवडतो. पण त्यात त्याचं अवाढव्य पुस्तकांचं दुकान तिचं आईपासून चालत आलेलं छोटं दुकान बंद पाडतं, आणि तरी ती त्याच्या गळ्यात पडते. दुकानदार म्हणून हे माझ्या घशाखाली उतरत नाही. मातुशेकच्या दुकानात क्रालिक आणि क्लारा दोघंही पगारी. दोघांच्या डोक्यावर एकच शेठ, दोघांची सुटी एकाच वेळी नाकारली जाते, दोघांना एकच खिडकी सजवायची असते. ते भांडतात ते बरोबरीने, आणि म्हणून जुळतातही बरोबरीने.

सिनेमा ९९ मिनिटांचा आहे. बुडापेस्ट सगळं हॉलीवूडच्या स्टुडिओत उभारलेलं आहे, दुकानात पाट्या हंगेरियन आणि माणसं अमेरिकन इंग्रजी बोलतात. थोड्या वेळाने हे जाणवेनासं होतं. संवाद वेगाने येतात, त्यामुळे इंग्रजी चांगलं असलं तरी सबटायटल लावा, पिरोविचचे बारीक विनोद निसटणार नाहीत. आणि सुरुवातीचा फुटपाथवरचा भाग फोन बघत घालवू नका. हंसाची कलेजी, शेठची मर्जी, वादासचे कपडे, पेपीची उद्धट उत्तरं, जे काही पुढे उपयोगाला येतं ते सगळं कुलूप निघायच्या आधीच तिथे मांडून ठेवलेलं आहे.